प्लेसहोल्डर पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकवावा : डेटाबेसच्या शिक्षकांना खुले पत्र

महाराष्ट्र आणि गोव्यातील महाविद्यालयांत, तंत्रनिकेतनांत आणि खासगी वर्गांत डेटाबेस शिकवणारे शिक्षक, तसेच या विषयाची पुस्तके व प्रयोगवह्या लिहिणारे लेखक यांस,



डेटाबेसकडे जाणाऱ्या प्रत्येक क्वेरीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक आज्ञा : कोणत्या टेबलातून काय काढायचे, कोणत्या अटीवर, कोणत्या क्रमाने. ती प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवलेली असते आणि प्रोग्राम चालू असताना बदलत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मूल्ये : आडनाव, हजेरी क्रमांक, तारीख, रक्कम. ती वापरणाऱ्याकडून येतात आणि दर वेळी निराळी असतात. आज्ञेत मूल्याची जागा राखून ठेवणारी खूण म्हणजे प्लेसहोल्डर. अशी खूण असलेली क्वेरी आधी डेटाबेसला देऊन तयार करून घेतली जाते आणि मूल्ये मागाहून, स्वतंत्रपणे पोचवली जातात. या पद्धतीला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात.

खूण कशी लिहायची हे ठिकाणानुसार बदलते. जावाच्या जेडीबीसीत, एसक्यूएलाइटमध्ये आणि मायएसक्यूएलमध्ये साधे प्रश्नचिन्ह चालते. पोस्टग्रेसमध्ये डॉलर चिन्ह आणि त्यापुढे क्रमांक लिहितात, ऑरेकलमध्ये अपूर्णविराम आणि त्याला लागून नाव, तर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ॲट चिन्ह आणि नाव. पायथनच्या डेटाबेस जोडणीसाठी जो सामाईक करार आहे, त्यात तर खुणेच्या पाच शैली मान्य केलेल्या आहेत. रूप कोणतेही असो, काम एकच. छापील अर्जाच्या रकान्यात कोणी काहीही लिहिले तरी अर्जावरचा छापील मजकूर बदलत नाही. प्लेसहोल्डर आज्ञेला नेमके हेच संरक्षण देतो.

ही सोय नवी नाही. १९९२ च्या एसक्यूएल मानकात प्रश्नचिन्हाची खूण आहे. जावात जेडीबीसी १९९७ मध्ये आले, ते प्रिपेअर्ड स्टेटमेंट घेऊनच. पीएचपीत पीडीओ २००५ पासून आहे. आज पदवीच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या जन्माआधीपासून जे उपलब्ध आहे, ते अजूनही पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात का, हा या पत्राचा मूळ प्रश्न आहे.

पहिली तक्रार या क्रमाचीच आहे. अनेक प्रयोगवह्यांत प्रोग्राममधून डेटाबेसला जोडण्याचा जो पहिला प्रयोग असतो, त्यात क्वेरी तुकडे जोडून बनवलेली असते. आज्ञेचा अर्धा भाग अवतरणात, मग अधिक चिन्ह, मग आडनावाचे व्हेरिएबल, पुन्हा अधिक चिन्ह आणि शेवटी अवतरण बंद करणारा तुकडा. विद्यार्थी हे जर्नलमध्ये उतरवतो, प्रॅक्टिकलला चालवून दाखवतो, गुण मिळवतो. प्रिपेअर्ड स्टेटमेंट पुढे कुठेतरी ‘स्टेटमेंटचे प्रकार’ या मथळ्याखाली भेटते आणि ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नापुरते पाठ होते. हाताला वळण लागलेले असते ते पहिल्या प्रयोगाचे. नोकरीच्या पहिल्या दिवशी तो विद्यार्थी जे लिहितो, तेही तेच.

जोडून बनवलेली क्वेरी हल्ला होण्याआधीच मोडते, आणि ती कशी मोडते हे दाखवायला गोवा किंवा वसईचा हजेरीपट पुरतो. इंग्रजीत लिहिताना डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा या आडनावांत पहिल्या अक्षरानंतर एकेरी अवतरणचिन्हासारखी खूण येते. ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे आडनावही इंग्रजीत असेच लिहिले जाते. आता जोडलेली क्वेरी तयार होते ती अशी :

इन्सर्ट इंटू विद्यार्थी व्हॅल्यूज (२७, 'डि'सोझा')

डेटाबेस ही ओळ डावीकडून वाचतो. पहिल्या अवतरणचिन्हापाशी मूल्य सुरू झाले असे तो समजतो. ‘डि’ वाचून झाल्यावर दुसरे अवतरणचिन्ह भेटते, म्हणजे त्याच्या दृष्टीने मूल्य संपले. पुढचा ‘सोझा’ हा शब्द आता मूल्याचा भाग राहिलेला नाही. तो आज्ञेचा भाग झाला आहे, आणि अशी आज्ञा एसक्यूएलमध्ये नाही. शेवटचे अवतरणचिन्ह नवे मूल्य उघडते, ते कधी बंदच होत नाही. डेटाबेस ‘सोझा’पाशी चूक असल्याचे कळवून थांबतो आणि विद्यार्थ्याची नोंद होत नाही. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. एका माणसाने स्वतःचे खरे नाव लिहिले, एवढेच घडले.

इथे जे झाले त्यात सगळा विषय आला आहे. मूल्य म्हणून आलेला मजकूर आज्ञेत मिसळला आणि कुठे काय संपले हे ठरवण्याचा अधिकार मजकूर पाठवणाऱ्याच्या हाती गेला. सज्जन माणसाच्या हाती तो गेला की नोंद अडते. दुसऱ्या कोणाच्या हाती गेला, तर तो अवतरणचिन्हाने मूल्य स्वतःच बंद करतो, त्यापुढे ‘ऑर’ लिहून नेहमीच खरी ठरणारी अट जोडतो, आणि एका विद्यार्थ्याची माहिती देणारी क्वेरी सगळ्या टेबलाची माहिती देऊ लागते. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. वर्गात इंजेक्शन हा सायबर सुरक्षेचा वेगळा विषय म्हणून शिकवला जातो. खरे तर तो डिसोझांच्या अडलेल्या नोंदीचाच दुसरा चेहरा आहे, आणि दोन्हींचे कारण एकच असल्याने उपायही एकच आहे.

या दोषाचे जाहीर वर्णन १९९८ च्या डिसेंबरात ‘फ्रॅक’ या नियतकालिकात जेफ फॉरिस्टाल यांनी केले. त्यानंतर घडलेल्या घटनांची यादी लांब आहे, तीन पुरेत. अमेरिकेतील हार्टलँड पेमेंट सिस्टिम्स या कंपनीतून २००८ मध्ये सुमारे १३ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, त्या चोरीची सुरुवात इंजेक्शनने झाली होती. चोरी करणाऱ्या टोळीचा म्होरक्या अल्बर्ट गोन्झालेझ याला २०१० मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची माहिती ऑक्टोबर २०१५ मध्ये जुन्या, दुसऱ्या कंपनीबरोबर विकत घेतलेल्या वेबपानांमधून बाहेर गेली, आणि पुढच्या वर्षी तेथील माहिती आयुक्तांनी कंपनीला चार लाख पौंडांचा दंड केला. मे २०२३ मध्ये मूव्हइट ट्रान्सफर या फायली पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधील अशाच दोषातून जगभरातील असंख्य संस्थांची माहिती क्लॉप टोळीच्या हाती लागली. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था आणि एफबीआय यांनी मिळून सॉफ्टवेअर कंपन्यांना आवाहन केले की हा दोष मुळापासून नाहीसा करावा. सुचवलेला मार्ग होता प्लेसहोल्डर असलेल्या क्वेरींचा. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या प्रमुख दहा धोक्यांच्या यादीत इंजेक्शन हा वर्ग २०१०, २०१३ आणि २०१७ असा तिन्ही वेळा पहिला होता आणि २०२१ मध्ये तिसरा. भारतातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जर्नलमधली जोडलेली ओळ इथवर येऊन पोचते.

दुसरी तक्रार चुकीच्या औषधाची आहे. ज्या पुस्तकांत इंजेक्शनचा उल्लेख असतो, त्यांतील कित्येकांत उपाय म्हणून ‘इनपुट स्वच्छ करा’ असे सांगितलेले असते. म्हणजे अवतरणचिन्हाच्या आधी तिरपी रेघ घाला, नाही तर ते चिन्ह काढूनच टाका. पीएचपीने हा प्रयोग भाषेच्या पातळीवर करून पाहिला. मॅजिक कोट्स नावाची सोय बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मजकुरात आपोआप तिरप्या रेघा घालत असे. परिणाम असा झाला की डेटाबेसकडे न जाणाऱ्या मजकुरातही रेघा आल्या, पानापानावर डिसोझांच्या नावात तिरपी रेघ दिसू लागली, आणि सुरक्षितता मिळाली नाही ती नाहीच. २०१२ मध्ये पीएचपी ५.४ मधून ती सोय काढून टाकण्यात आली.

सुरक्षितता का मिळाली नाही, हे एका उदाहरणाने नीट कळते. चिनी मजकुरासाठी वापरल्या जाणाऱ्या जीबीके या संकेतप्रणालीत एक अक्षर दोन बाइटचे असू शकते, आणि त्यातला दुसरा बाइट तिरप्या रेघेचाच असू शकतो. हल्लेखोर अशा अक्षराचा पहिला बाइट आणि त्याला लागून अवतरणचिन्ह पाठवतो. संकेतप्रणालीची माहिती नसलेले फंक्शन अवतरणचिन्हापूर्वी तिरपी रेघ घालते. आता पहिला बाइट आणि ती रेघ मिळून एक चिनी अक्षर तयार होते, रेघ त्यात विरून जाते आणि अवतरणचिन्ह पुन्हा मोकळे. संरक्षणासाठी घातलेल्या रेघेनेच वाट उघडून दिली. सुटका-चिन्हे घालण्याची पद्धत संकेतप्रणाली, डेटाबेसची मांडणी आणि मूल्याची जागा या तिन्हींच्या अचूक माहितीवर अवलंबून असते. क्रमांकाच्या जागी तर अवतरणचिन्हे नसतातच, त्यामुळे तिथे रेघ घालून काहीही साधत नाही; ‘२७ ऑर १ = १’ या मजकुरात रेघ घालण्याजोगे एकही चिन्ह नाही.

चिन्हच नाकारण्याचा उपाय तर माणसांवर अन्याय करतो. नावाच्या रकान्यात अक्षरांशिवाय काही चालणार नाही असा नियम घातला की डिसोझांना स्वतःचे नाव बदलून लिहावे लागते. फोनवर टाइप करताना काही वेळा सरळ चिन्हाऐवजी वळणदार चिन्ह उमटते; ते आज्ञेला धक्का लावत नाही म्हणून कुठे कुठे सुटून जाते. मग एकाच घरातल्या तिघांची आडनावे टेबलात तीन तऱ्हेने नोंदली जातात : खूण गाळून, मध्ये जागा सोडून, वळणदार खुणेसह. परीक्षेच्या प्रवेशपत्रावर एक आणि ओळखपत्रावर दुसरे, असा घोळ होतो आणि निस्तरावा लागतो तो त्या कुटुंबाला. प्लेसहोल्डर वापरला तर नावात काय आहे हे पाहण्याची गरजच उरत नाही. जे आले ते जसेच्या तसे साठवले जाते.

तिसरी तक्रार अर्धवट सांगितलेल्या कारणाची. प्रिपेअर्ड स्टेटमेंट का वापरायचे, याचे उत्तर काही पुस्तकांत ‘ते वेगवान असते’ एवढेच आहे, तर काहींत ‘ते सुरक्षित असते’ एवढेच. आत काय घडते हे सांगितल्याशिवाय दोन्ही उत्तरे पोकळ राहतात. पोस्टग्रेसमधली वाटचाल विद्यार्थ्याला सहज समजावता येते, कारण तिथे टप्प्यांचे संदेशच वेगळे आहेत. पार्स या पहिल्या संदेशाबरोबर आज्ञा जाते, मूल्याच्या जागी डॉलर चिन्ह आणि क्रमांक असलेली. सर्व्हर तिचे व्याकरण तपासतो, टेबल आणि स्तंभ खरोखर आहेत का ते पाहतो, प्रत्येक खुणेच्या जागी कोणत्या प्रकारचे मूल्य यायला हवे ते ठरवतो आणि आज्ञेचा वृक्ष तयार करून ठेवतो. त्यानंतर बाइंड संदेशातून मूल्ये येतात. ती येतात तेव्हा व्याकरण तपासण्याचे काम संपलेले असते. ‘डि'सोझा’ मधले अवतरणचिन्ह आता कोणी वाचतच नाही; सर्व्हरला त्या मजकुराची लांबी आधीच कळलेली असते आणि तेवढे बाइट तो मूल्य म्हणून उचलतो. शेवटी एक्झिक्यूट. यात कुठेही चिन्ह ओळखणे, रेघ घालणे किंवा संशयास्पद शब्द शोधणे नाही. मूल्याला आज्ञा होण्याची संधीच मिळत नाही, हे सुरक्षिततेचे खरे कारण आहे.

वेगाचे कारणही याच वाटचालीत सापडते. ऑरेकलमध्ये नवी आज्ञा आली की आधी तिचा मजकूर सामाईक स्मृतीत शोधला जातो. तोच मजकूर सापडला तर तयार योजना वापरली जाते. न सापडल्यास व्याकरणापासून योजनेपर्यंत सगळे नव्याने करावे लागते, त्याला हार्ड पार्स म्हणतात. हजेरी क्रमांक जोडून बनवलेल्या हजार क्वेरी म्हणजे ऑरेकलच्या दृष्टीने हजार वेगळे मजकूर आणि हजार हार्ड पार्स. प्लेसहोल्डर घातला की हजारही वेळा मजकूर एकच. ऑरेकलचे जाणकार टॉम काइट यांनी आपल्या पुस्तकांतून हा मुद्दा वर्षानुवर्षे लावून धरला, तो सुरक्षिततेइतकाच सर्व्हरवरच्या भाराच्या काळजीने.

पण वेगाची हमी सरसकट नसते आणि हेही वर्गात सांगितले पाहिजे. समजा, एखाद्या टेबलात राज्याचा स्तंभ आहे आणि जवळपास सगळ्या ओळी महाराष्ट्राच्या आहेत, गोव्याच्या मोजक्या. गोव्यासाठी इंडेक्सवरून जाणे सोयीचे, महाराष्ट्रासाठी सबंध टेबल वाचणे. मूल्य माहीत नसताना बनवलेली एकच योजना दोघांनाही सारखी लागू पडत नाही. पोस्टग्रेस पहिल्या पाच वेळा प्रत्येक मूल्यासाठी स्वतंत्र योजना करतो, त्यांच्या सरासरी खर्चाची सर्वसाधारण योजनेच्या खर्चाशी तुलना करतो आणि मग कोणती चालू ठेवायची ते ठरवतो. बाराव्या आवृत्तीपासून ही निवड एका सेटिंगने हाती घेता येते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पहिल्या मूल्याला साजेशी योजना पुढच्या सगळ्यांना लागू होण्याची अडचण पॅरामीटर स्निफिंग या नावाने सर्वांना ठाऊक आहे. ज्याला हे शिकवले गेले नाही, तो एखादी क्वेरी मंदावली की प्लेसहोल्डरलाच दोष देतो आणि पुन्हा तुकडे जोडू लागतो.

आणखी एक गोष्ट पुस्तकांत क्वचितच येते. प्रत्येक ड्रायव्हर मूल्ये स्वतंत्र पाठवतोच असे नाही. पीएचपीचा पीडीओ मायएसक्यूएलबरोबर वापरताना, सेटिंग बदलले नाही तर, प्रिपेअर्ड स्टेटमेंटची नक्कल करतो : मूल्यांना योग्य ती सुटका-चिन्हे लावून तो स्वतःच क्वेरी पूर्ण करतो आणि एकसंध पाठवतो. पायथनच्या सायकोपीजी २ मध्येही मूल्ये अशीच प्रोग्रामच्या बाजूला जोडली जातात. सायकोपीजी ३ ती सर्व्हरकडे वेगळी पाठवते. नक्कल म्हणजे धोका असे नव्हे, जोडणीची संकेतप्रणाली नीट सांगितलेली असेल तर ती आपले काम करते. मात्र आतमध्ये काय चालले आहे, हे शिकवणाऱ्याला तरी माहीत असावे.

चौथी तक्रार मर्यादांबद्दलच्या मौनाची आहे, आणि विद्यार्थी सर्वांत जास्त अडखळतो तो इथेच. प्लेसहोल्डर फक्त मूल्याची जागा घेतो. टेबलाचे नाव, स्तंभाचे नाव, चढता की उतरता क्रम, किंवा आज्ञेतला एखादा शब्द त्याच्या जागी येऊ शकत नाही, कारण आज्ञेचे व्याकरण तपासताना या गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. टेबलाच्या नावाऐवजी प्रश्नचिन्ह लिहिले तर निदान चूक तरी दाखवली जाते. ऑर्डर बायपुढे ते लिहिले तर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस तक्रारही करत नाहीत : स्तंभाचे नाव एक स्थिर मजकूर म्हणून पोचते, सगळ्या ओळींना तो सारखाच असतो आणि क्रम लागतच नाही. विद्यार्थी तासभर चूक शोधतो आणि अखेर स्तंभाचे नाव जोडून मोकळा होतो. योग्य मार्ग असा की चालणाऱ्या स्तंभांची यादी प्रोग्राममध्येच ठेवावी, वापरणाऱ्याने निवडलेले नाव त्या यादीत आहे का ते तपासावे आणि यादीतले नाव आज्ञेत घालावे. बाहेरून आलेला मजकूर आज्ञेत जाता कामा नये.

इन या अटीत मूल्ये किती, हे आधी ठरलेले नसते. एका प्रश्नचिन्हात स्वल्पविरामांनी जोडलेली पाच नावे घातली तर डेटाबेस ते एकच लांब नाव समजतो. मूल्ये जितकी तितकी प्रश्नचिन्हे प्रोग्रामने तयार करायची आणि मूल्ये यादीने द्यायची, हा इथला उपाय. आज्ञेत जोडली जातात ती फक्त प्रश्नचिन्हे, म्हणून तो सुरक्षित. पोस्टग्रेसमध्ये ‘एनी’ वापरून सबंध यादी एकाच खुणेत देता येते. खुणांच्या संख्येलाही मर्यादा आहेत : एसक्यूएल सर्व्हरमध्ये २१००, पोस्टग्रेसमध्ये ६५५३५, आणि एसक्यूएलाइटमध्ये ३.३२ आवृत्तीपूर्वी ९९९ होती, नंतर ३२७६६ झाली.

लाइक वापरून शोधताना टक्क्याचे चिन्ह मूल्याचा भाग असते. ते प्रश्नचिन्हासह अवतरणचिन्हांत लिहिले तर प्रश्नचिन्ह ही खूण राहत नाही, साधे अक्षर होते. टक्क्याचे चिन्ह मूल्याला जोडून मगच मूल्य द्यावे. वापरणाऱ्याने स्वतःच टक्का किंवा अधोरेखा टाइप केली तर तिचा अर्थ ‘काहीही चालेल’ असा होतो. प्लेसहोल्डर त्यापासून वाचवत नाही, त्यासाठी एस्केपची वेगळी सोय आहे. नलचेही तसेच. बरोबर-चिन्हापुढच्या खुणेत नल दिला तर अट कधीच खरी ठरत नाही आणि उत्तरात एकही ओळ येत नाही. पोस्टग्रेसमध्ये ‘इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम’, मायएसक्यूएलमध्ये त्रिचिन्ही तुलना, एसक्यूएलाइटमध्ये नुसते ‘इज’ हे त्यावरचे मार्ग आहेत.

शिवाय, तयार केलेली आज्ञा एकदा सुरक्षित गेली म्हणजे मूल्य कायमचे निरुपद्रवी झाले, हा समजही काढून टाकावा लागतो. प्लेसहोल्डरने नीट साठवलेले नाव दुसऱ्या एखाद्या अहवालासाठी टेबलातून वाचून तिथे तुकडे जोडून क्वेरी बनवली, तर तेच नाव तिथे घात करते. स्टोअर्ड प्रोसिजरच्या आत मजकूर जोडून आज्ञा चालवली तरीही भोक तसेच राहते. मूल्य कोठून आले हा प्रश्नच नाही, ते आज्ञेत कसे पोचते एवढेच महत्त्वाचे.

प्रॅक्टिकलच्या टेबलावर दिसणाऱ्या काही चुकाही पुस्तकात यायला हव्यात, कारण त्या हमखास होतात. प्रश्नचिन्हाभोवती अवतरणचिन्हे घालणे ही पहिली. जेडीबीसीत खुणांची मोजणी एकपासून सुरू होते, शून्यापासून नव्हे, ही दुसरी. सायकोपीजीची खूण पायथनच्या मजकूर जोडण्याच्या खुणेसारखीच दिसते. मूल्यांपूर्वी स्वल्पविराम लिहिला तर ती प्लेसहोल्डर, टक्क्याचे चिन्ह लिहिले तर ती साधी जोडणी. एका चिन्हाचा फरक, आणि हजेरी क्रमांकासारख्या संख्येवर दोन्ही प्रोग्राम सारखेच चालतात. पायथनमधून एसक्यूएलाइट वापरताना एकच मूल्य द्यायचे असेल तर कंसात त्यापुढेही स्वल्पविराम लागतो. तो विसरला आणि मूल्य ‘पाटील’ असेल, तर पायथन त्या शब्दातले प, काना, ट, वेलांटी आणि ल ही पाच स्वतंत्र मूल्ये मानतो आणि एक हवे असताना पाच मिळाल्याची तक्रार करतो. हे ज्याला आधी दाखवलेले असते तो हसून स्वल्पविराम घालतो. ज्याला दाखवलेले नसते तो प्लेसहोल्डर काढून टाकतो. आणि लूपच्या आत दर फेरीला आज्ञा नव्याने तयार करणे ही शेवटची. आज्ञा लूपबाहेर एकदा तयार करावी आणि आत फक्त मूल्ये बदलावीत.

या तक्रारींमागे शिक्षकांविषयी अनादर नाही. अभ्यासक्रम लांबलेला, प्रयोगशाळेत संगणक अपुरे, बॅचमागे तासही मोजके, अशा स्थितीत शिकवणारे आपापल्या परीने झटत असतात. पण प्लेसहोल्डर शिकवायला अधिक वेळ लागत नाही. तुकडे जोडताना विद्यार्थ्याचा अर्धा वेळ अवतरणचिन्हे जुळवण्यात जातो. प्रश्नचिन्ह लिहिताना तो वेळ वाचतो. सोपे आणि बरोबर एकाच ठिकाणी असण्याचा योग प्रोग्रामिंगमध्ये फार वेळा येत नाही. म्हणून पुढील विनंत्या मनापासून केल्या आहेत.

पुस्तके आणि प्रयोगवह्या लिहिणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीत जोडलेल्या क्वेरीचे सर्व नमुने बदलावेत. जोडणी दाखवायचीच असेल तर ती चूक म्हणून, डिसोझांच्या नावावर मोडताना दाखवावी. पीएचपीची जुनी मायएसक्यूएल फंक्शने डिसेंबर २०१५ च्या सातव्या आवृत्तीतून काढली गेली आहेत. ज्या नोट्समध्ये ती अजून आहेत त्या वितरणातून मागे घ्याव्यात. मर्यादांसाठी दोन पाने राखून ठेवावीत, त्यांत क्रम लावणे, इन, लाइक आणि नल हे चार विषय यावेत.

परीक्षकांनी व्हायवात ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंटचे फायदे सांगा’ याऐवजी ‘स्तंभाचे नाव वापरणाऱ्याकडून घ्यायचे असेल तर काय कराल’ असे विचारावे; पाठांतर कुठे संपते ते लगेच कळेल. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे मार्गदर्शन करणाऱ्यांनी सही करण्यापूर्वी प्रोग्राममध्ये क्वेरी कुठे कुठे जोडलेली आहे ते शोधायला सांगावे. हे प्रोजेक्ट पुष्कळदा खऱ्या सोसायटीच्या, खऱ्या दवाखान्याच्या किंवा पतसंस्थेच्या कामी येतात आणि त्यांत खऱ्या माणसांची माहिती असते.

या सगळ्यांपैकी एकच गोष्ट करणे शक्य असेल, तर येत्या सत्राच्या पहिल्या जोडणी-प्रयोगात विद्यार्थ्याने लिहिलेल्या पहिल्या इन्सर्ट आज्ञेत मूल्यांच्या जागी प्रश्नचिन्हे असतील, एवढे आपण पाहावे ही आग्रहाची विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
डेटाबेसवर काम करणारा एक प्रोग्रामर